इन्व्हेन्शन कुणाचं?

इन्व्हेन्शन म्हटलं की डोळ्यांपुढं कोटवाला गोरा शास्त्रज्ञ उभा राहतो. शब्दाच्या पोटात मात्र तसलं काही नाही. लॅटिनमध्ये 'इन्व्हेनिरे' म्हणजे एखाद्या गोष्टीपाशी येऊन पोचणं, ती सापडणं. येशूचा क्रूस सापडल्याचा सण चर्च ३ मेला पाळायचं, त्याला इंग्रजीत 'इन्व्हेन्शन ऑफ द क्रॉस' म्हणत. क्रूस काय कुणी नव्यानं बनवला नव्हता! आपला 'शोध'ही असाच. अमेरिकेचा शोध आणि इंजिनाचाही शोधच. (ज्या 'शुध्' धातूतून तो आला त्यातूनच 'शुद्ध' निघाला, हेही ध्यानात असू द्या.)

पुढं सापडणं मागं पडलं, नवं घडवणं उरलं. त्याला पेटंट चिकटलं, म्हणजे मालकी आली.

आता नेडचं ऐका. अमेरिकेत मिसिसिपीतला हा काळा गुलाम, लोहार. त्यानं कापसाच्या शेतीसाठी अवजार घडवलं. मालक ऑस्कर स्टुअर्ट पेटंट मागायला गेला. म्हणे, गुलामाचे हात माझे, तर डोकंही माझंच. १८५८ साली अमेरिकेचा अ‍ॅटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक यानं निकाल दिला: गुलामाच्या यंत्राला पेटंट नाही. मालकाला नाही, कारण त्यानं ते घडवलं नव्हतं. नेडला नाही, कारण कायद्यानं तो नागरिकच नव्हता.

स्टुअर्टनं अवजार विकलंच. वर जाहिरातीत एका मळेवाल्याचं पत्र छापलं. त्याचा मतलब असा, की हे तर निग्रो गुलामाचं इन्व्हेन्शन, मग गुलामीनं माणसाचं डोकं खुरटतं म्हणणारे खोटारडे!