पोलादाचा नियम आणि रोहिणीचा स्वभाव

पोलादाच्या तारेला वजन टांगले तर ती किंचित लांबते. वजन दुप्पट केले तर लांबीतील वाढही दुप्पट होते, आणि वजन काढून घेतले की तार पूर्ववत होते. रॉबर्ट हूकने 1678 साली प्रसिद्ध केलेला हा नियम इतका सोपा आणि इतका उपयोगी आहे की, पुलांची, यंत्रांची आणि इमारतींची कितीतरी गणिते त्याच्या आधारावर उभी आहेत. शरीरालाही तो लागू पडेल असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु 1847 साली पॅरिसमध्ये वेर्थाइम या शास्त्रज्ञाने मानवी शरीरातील निरनिराळी ऊतके ताणून पाहिली, तेव्हा मृदू ऊतके हा नियम पाळीत नाहीत असे आढळून आले.

रोहिणीचे, म्हणजे हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या नलिकेचे, उदाहरण घेऊ. तिची पट्टी ताणू लागलो की प्रथम ती सहज लांबते. पुढे मात्र थोडेसे लांबविण्यासही पुष्कळ जोर लागतो. याचे कारण तिच्या भिंतीतील दोन प्रकारच्या तंतूंत आहे. इलॅस्टिनचे तंतू रबरासारखे असून आरंभीचा ताण तेच सोसतात. कोलॅजेनचे तंतू बळकट, पण नागमोडी आणि सैल पडलेले असतात. ताण वाढला की त्यांची वळणे सरळ होतात आणि एकामागून एक तंतू भार उचलू लागतो. इलॅस्टिन शरीरात मुख्यतः जन्मापूर्वी व बालपणी तयार होते. झिजलेल्याची भरपाई पुढे फारशी होत नाही. मिनिटास सत्तर ठोके धरले, तर दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा ही भिंत ताणली जाते. उतारवयात रोहिणी ताठ होते यात म्हणूनच नवल नाही.

कोलॅजेनच्या रेणूची घडण उलगडण्यात एका भारतीयाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याचे नाव बंगळूरशी जोडलेले आहे. लोक ज्या भारतीय विज्ञान संस्थेला आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, तेथे गो. ना. रामचंद्रन विद्युत अभियांत्रिकी शिकण्यास आले आणि सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या सहवासात भौतिकीकडे वळले. पुढे मद्रास विद्यापीठात असताना 1954 साली त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह कोलॅजेनची रचना मांडली. तीन साखळ्या तिपेडी वेणीप्रमाणे परस्परांभोवती वळलेल्या आहेत, हे तिचे मर्म. नंतर ते बंगळूरला परतले आणि 1971 मध्ये तेथे रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभा राहिला. आज त्याच संस्थेत यंत्र अभियांत्रिकीचे अभ्यासक रोहिणीच्या भिंतीचे बळ मोजण्याचे काम करीत आहेत.

हे मोजमाप वाटते तितके सरळ नाही. ऊतकाचा तुकडा सुकला की त्याचे गुण बदलतात. म्हणून तो शरीराइतक्या उष्ण क्षारजलात बुडवून ठेवतात. चिमट्याजवळचा भाग वेडावाकडा ताणला जातो. म्हणून मध्यभागी बारीक ठिपके काढून त्यांची हालचाल कॅमेऱ्याने टिपतात. भिंत उभी ताणली तर एक उत्तर मिळते, आडवी ताणली तर दुसरे. यासाठी चारही बाजूंनी दोरे लावून ती एकाच वेळी दोन्ही दिशांनी ओढतात. शिवाय पहिल्या खेपेचे उत्तर दुसऱ्या खेपेस येत नाही. काही आवर्तने झाल्यावरच ते स्थिरावते. ताणतानाची वाट आणि सैल सोडतानाची वाट निराळी असते, आणि लांबी तशीच धरून ठेवली तरी आतील जोर हळूहळू ओसरतो. एवढेच नव्हे, रोहिणीचे कडे उभे चिरले तर ते आपोआप उघडते! म्हणजे रक्ताचा दाब नसतानाही त्या भिंतीत ताण दडलेला असतो.

या स्वभावाला गणितात बसविण्याचे मोठे काम युआन-चेंग फुंग यांनी केले. ते मूळचे विमानविद्येचे अभियंते. सशाच्या आंत्रबंधावरील प्रयोगांतून 1967 साली त्यांनी दाखविले की, ऊतकावरील ताण जसजसा वाढतो तसतसा त्याचा ताठरपणाही त्याच प्रमाणात वाढतो. मुद्दलात व्याज मिळत जावे आणि त्या वाढत्या रकमेवर पुन्हा व्याज चढावे, तसलाच हा प्रकार. त्यांच्या सूत्राच्या परंपरेत आज संगणकावर संपूर्ण रोहिणीचे प्रतिरूप उभे करता येते.

या खटाटोपाचे प्रयोजन रुग्णाच्या खाटेशी कळते. पोटातील महारोहिणीची भिंत दुबळी होऊन फुग्यासारखी फुगते, तिला रोहिणीविस्फार म्हणतात. ती फुटली तर बहुधा प्राण वाचत नाही. आणि शस्त्रक्रियाही जोखमीवाचून होत नाही. पुरुषांच्या बाबतीत व्यास साडेपाच सेंटिमीटर झाला की शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा प्रघात आहे. पण काहींची रोहिणी त्याआधीच फुटते, काहींची त्याहून मोठी होऊनही टिकते. भिंतीवरील ताण केवळ व्यासावर नव्हे, तर रक्ताचा दाब, भिंतीची जाडी आणि आकार यांवरही अवलंबून असतो. आणि तो सोसण्याचे बळ माणसागणिक वेगळे असते.

येथेच खरा पेच आहे. भिंतीचे बळ जाणण्यासाठी ती कापून ताणावी लागते, आणि ज्याला वाचवायचे त्याची भिंत तर कापता येत नाही. म्हणून त्याच्या छायाचित्रांवरून आकार घ्यायचा, दाब मोजायचा आणि उरलेले गुण इतरांच्या ऊतकांवरून गृहीत धरायचे. हे इतर कोण, कोणत्या वयाचे, कोणत्या प्रदेशाचे, हा प्रश्न म्हणून गौण नाही. संगणकाच्या उत्तरात दशांशाचे आकडे कितीही असोत, ज्या तुकड्यांच्या परीक्षेवर ते बेतले, त्यांच्याहून ते अधिक विश्वासार्ह नसतात. आपल्या देशातील नाना वयांच्या, नाना आहारांच्या माणसांच्या ऊतकांची परीक्षा येथील प्रयोगशाळांत व्हावयास हवी, ती यासाठी. हे काम सावकाशीचे आहे; शल्यचिकित्सक, अभियंता आणि मृत्यूनंतर देह देणारा दाता, तिघांच्या सहकार्याशिवाय ते होणार नाही. परंतु शस्त्रक्रिया करावी की थांबावे, असे विचारणाऱ्या रुग्णाला केवळ व्यासाच्या आकड्यापेक्षा अधिक आधाराचे उत्तर त्यातूनच मिळू शकेल.