फळ्या नसलेलें दुकान

संध्याकाळचे दिवे लागून तास-दीड तास झाला, कीं पूर्वी बाजारपेठेंत एक ठराविक आवाज ऐकूं येई. दुकानदार एकेक फळी उचलून खांचेंत बसवी, आडवा अडसर घाली, कुलूप लावी आणि तें नीट लागलें आहे ना, हें दोनदां ओढून पाही. गल्ल्यांतील रोकड मोजून झालेली असे, वहींत जमाखर्च उतरलेला असे. मग तो घराकडे वळे, आणि घराकडे वळला म्हणजे दुकानदार राहत नसे. कोणाचा बाप, कोणाचा भाऊ, भजनी मंडळांतला एक टाळकरी होई. पुण्याच्या दुकानदारांनीं तर दुपारीं एक ते चार ह्या वेळांतही दुकान बंद ठेवण्याची रीत पाडली आणि साऱ्या महाराष्ट्रानें तिच्यावर पोटभर विनोद केले. परंतु दुपारचें जेवण घरीं बसून जेवणारा आणि घटकाभर आडवा होणारा तो दुकानदार वीस वर्षांनंतरही त्याच गादीवर, त्याच हुशारीनें बसलेला आढळे, ही गोष्ट त्या विनोदाच्या भरांत फारशी कोणी ध्यानांत घेतली नाहीं.

जें रूढीनें चालत होतें त्याला पुढें कायद्याचें बळ मिळालें. १९४८ च्या मुंबई दुकानें व संस्था अधिनियमानें दुकानें केव्हां उघडावीं, केव्हां मिटावीं आणि आठवड्यांतून एक दिवस बंद ठेवावीं, हें ठरवून दिलें. नोकरानें दिवसांतून किती तास राबावें आणि मध्यें विसावा किती घ्यावा, हेंही त्यांत आलें. महाराष्ट्रानें २०१७ सालीं नवा कायदा केला. त्यानें बहुतेक दुकानांना वर्षाचे ३६५ दिवस, रात्रंदिवस उघडें राहण्याची मुभा दिली. मात्र नोकराची साप्ताहिक सुट्टी कायम राखली. दुकानाला झोप नसली तरी चालेल, माणसाला ती हवीच, एवढा विवेक कायद्यानें सोडला नाहीं.

परंतु कायद्याची ही माया नोकरापुरती आहे. मालकानें किती जागावें ह्याविषयीं कायदा बोलत नाहीं. मालक आपलें हित जाणतो असें तो धरून चालतो. इंटरनेटवर घरबसल्या व्यापार करणाऱ्यांचा जो एक मोठा वर्ग अलीकडे उदयास आला आहे, त्याची अडचण नेमकी येथें आहे. ह्या व्यापारांत मालकही तोच आणि नोकरही तोच. दुकानाला फळ्या नाहींत, कुलूप नाहीं, आणि नोकराच्या वतीनें मालकाला जाब विचारणारा तिसरा कोणी नाहीं.

डोंबिवलींतील दोन खोल्यांच्या घरांत गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी करून ऑनलाइन विकणारी एखादी गृहिणी डोळ्यांपुढें आणावी. शेजारणींनीं वाखाणणी केली म्हणून तिनें हें काम हातीं घेतलें. मुलानें मोबाइलवर छायाचित्रें काढून दिलीं, व्हॉट्सॲपवर दुकान मांडलें, आणि पहिल्या महिन्यांत आलेल्या प्रत्येक मागणीचा घरांत उत्सव झाला. वर्ष उलटतें. आतां सकाळीं सहाला पहिला निरोप येतो, "ताई, आमचें पार्सल कुठें पोहोंचलें?" दुपारीं धने भाजत असतां दुसरा येतो, "किलोमागें कांहीं कमी होईल का?" रात्रीं स्वयंपाकघर आवरून ती पाठ टेकते, तों परदेशीं गेलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची चौकशी येते, कारण डोंबिवलींत रात्रीचे अकरा वाजतात तेव्हां न्यू जर्सींत भर दुपार असते. प्रत्येक निरोप लहानसा, अर्ध्या मिनिटांत उत्तर देण्याजोगा. निरोपानें ती दमत नाहीं. पुढचा निरोप केव्हां येईल ह्या अवधानानें दमते. एके दिवशीं तिचें लक्ष कढईवरून फोनकडे जातें आणि खोबरें करपतें. पूर्वीची ती असती तर हळहळली असती, तें टाकून देऊन नवें किसावयास बसली असती. आज ती नुसतें "चालेल" म्हणते आणि तेंच खोबरें मसाल्यांत घालते. कामानें अंग दुखूं लागलें होतें तो दिवस धोक्याचा नव्हता. हें "चालेल" ज्या दिवशीं तोंडांतून निघालें, तो धोक्याचा होय.

इंग्रजींत ह्या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. हा शब्द शास्त्राच्या परिभाषेंत रूढ होण्यास हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर ह्या न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञांचा १९७४ सालचा लेख कारण झाला. विनामूल्य चालणाऱ्या दवाखान्यांत स्वेच्छेनें राबणारे कार्यकर्ते हळूहळू कसे विझत जातात, हें त्यांनीं पाहिलें होतें. इतकेंच नव्हे, तर तो अनुभव स्वतःही घेतला होता. त्यांच्या निरीक्षणाप्रमाणें ह्या संकटांत सांपडण्याचा धोका अधिक असतो तो कामाला वाहून घेतलेल्यांनाच. समईंत तेल आहे तोंवर वात टिकते. तेल सरलें, कीं वातच जळूं लागते. पुढें १९८१ सालीं क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन ह्या दोन विदुषींनीं ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यांत तीन लक्षणें मुख्य धरलीं आहेत: मन रितें होऊन जाणें, ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांच्याविषयींच तुसडेपणा येणें, आणि आपल्या हातून कांहींच धड होत नाहीं असें वाटूं लागणें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तींत ह्या अवस्थेची नोंद रोग म्हणून न करतां कामाशीं निगडित अशी एक घटना म्हणून केली. आणि तिचें मूळ कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ चाललेल्या व न आवरलेल्या ताणांत आहे, असें म्हटलें. म्हणजे दोष केवळ माणसाच्या मनाचा नव्हे, कामाच्या रचनेचाही आहे. आणि रचना बदलतां येते, ही त्यांतील आशेची बाजू होय.

ऑनलाइन व्यापाराच्या रचनेंत ताणाचीं बीजें कोठें आहेत? पहिलें बीज अनिश्चिततेंत आहे. फर्स्टर आणि स्किनर ह्या मानसशास्त्रज्ञांच्या १९५७ सालच्या ग्रंथांत कबुतरांवरील प्रयोगांचें सविस्तर वर्णन आहे. कितव्या वेळीं चोंच मारली असतां दाणा मिळेल, ह्याचा नेम नाहींसा केला, म्हणजे कबुतर थांबत नाहीं. एकसारखें टोंचत राहतें. मागणी आली असेल का, कोणी किती तारे दिले असतील, हें पाहण्यासाठीं दर पांच मिनिटांनीं फोन उचलणाऱ्या माणसाची गत ह्याहून फार निराळी नाहीं. दुसरें बीज परावलंबनांत आहे. ज्या मोठ्या संकेतस्थळावर दुकान मांडलें असेल त्याचे नियम बदलतात, आणि काल सर्वांत वर दिसणारा माल आज कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. तिसरें बीज एकटेपणांत आहे. बाजारांतल्या दुकानदाराला शेजारचा दुकानदार असतो. मंदी आली तर ती दोघांना मिळून येते आणि एका चहांत अर्धी होते. घरांतल्या एकट्या व्यापाऱ्याला मंदी आली, कीं ती आपल्याच नाकर्तेपणाची वाटते.

हें संकट केवळ लहान धंद्याचें आहे असेंही नाहीं. जोएल गॅसकॉइन नांवाच्या इंग्रज तरुणानें २०१० सालीं ‘बफर’ नांवाची ऑनलाइन सेवा सुरू केली. समाजमाध्यमांवरील मजकूर सवडीनें एकदां लिहून ठेवावा आणि ठरविलेल्या वेळीं तो आपोआप प्रसिद्ध व्हावा, अशी ही सोय आहे. म्हणजे लोकांना सदासर्वदा फोनशीं बांधून राहावें लागूं नये, हाच तिचा एक उपयोग. धंदा वाढला. २०१६ सालीं पैशाची ओढाताण होऊन १० सहकाऱ्यांना निरोप द्यावा लागला. २०१७ च्या आरंभीं बरोबरीचा संस्थापक कंपनी सोडून गेला. त्याच वर्षीं गॅसकॉइन स्वतः पार थकून गेले आणि सहा आठवडे कामापासून दूर राहिले. ही गोष्ट त्यांनीं लपवून ठेवली नाहीं, जाहीरपणें सांगितली. त्या सहा आठवड्यांत कंपनी बुडाली नाहीं. पुढें २०२० सालीं ह्याच कंपनीनें पगार न कापतां आठवड्याचे चार दिवस काम करून पाहिलें आणि प्रयोग मानवला म्हणून तो चालू ठेवला. दुसऱ्यांचा वेळ वांचविणारें साधन जो घडवितो, त्यालाही स्वतःचा वेळ आपोआप वांचवितां येत नाहीं, हें ह्या उदाहरणावरून दिसतें.

अर्थात् सहा आठवडे दूर राहणें गॅसकॉइन ह्यांना जमलें, कारण मागें काम सांभाळणारी मंडळी होती. डोंबिवलीच्या गृहिणीच्या मागें कोणी नाहीं. वर्षाकांठीं एक मोठी विश्रांती हा तिच्यासाठीं उपाय होऊं शकत नाहीं. तिला रोजची लहान विश्रांतीच घडवावी लागेल. कायद्यानें इतर मालकांना जें शिकविलें, तें तिनें आपल्यांतल्या मालकिणीला शिकवावें.

पहिली गोष्ट फळ्या लावण्याची. निरोपांना उत्तरें सकाळीं दहापासून सायंकाळीं सहापर्यंत मिळतील, असें दुकानाच्या पाटीवर स्पष्ट लिहावें. त्यानंतर आलेल्या निरोपाला हेंच उत्तर आपोआप जाईल अशी सोय व्यवसायासाठींच्या व्हॉट्सॲपमध्यें आहे. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही भीति खरी आहे, एखादें जाईलही. परंतु जें गिऱ्हाईक रात्रीं अकराच्या उत्तरासाठीं येतें, तें त्याहून लवकर उत्तर देणारा भेटतांच जाणारच असतें. मसाल्याच्या चवीसाठीं येणारें सकाळपर्यंत थांबतें. त्याच्यासाठींच तर खोबरें करपूं द्यावयाचें नाहीं.

दुसरी गोष्ट वहीची. दुकान मिटलें तरी मन मिटत नाहीं, ही तक्रार पुष्कळांची असते. मासिकाम्पो आणि बॉमायस्टर ह्या संशोधकांच्या २०११ सालच्या प्रयोगांत असें दिसून आलें, कीं अपुरें राहिलेलें काम मनांत घोळत राहतें. पण तें केव्हां व कसें करावयाचें ह्याचा नेमका बेत आंखला, कीं काम पुरें न होतांही हें घोळणें ओसरतें. म्हणून फोन बाजूस ठेवण्यापूर्वीं उद्यांचीं कामें वेळेसह कागदावर उतरवावीं. विक्रीचे आंकडे आणि तारेही रोज न पाहतां आठवड्यांतून एकदां, ठरलेल्या दिवशीं पाहावे आणि त्याच वहींत मांडावे.

तिसरी गोष्ट साप्ताहिक सुट्टीची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ह्यांनीं २०२१ सालीं मिळून प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळें २०१६ ह्या एका वर्षांत पक्षाघात व हृदयविकार मिळून सुमारे ७ लाख ४५ हजार माणसें दगावलीं. हे तास मोजतांना घरबसल्या केलेलें काम वगळण्याचा मोह होतो. तो टाळावा. भाजणें, कुटणें, पुड्या बांधणें ह्यांबरोबर निरोपांचाही वेळ एक आठवडाभर वहींत टिपला, तर बेरीज पाहून पुष्कळांना धक्का बसेल.

चौथी गोष्ट गोडीची. एडवर्ड डेसी ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांना कोडीं सोडविण्याबद्दल पैसे दिले आणि मग ते बंद केले. तेव्हां मोकळ्या वेळांत तीं कोडीं हातीं घेण्याची त्यांची आवड पूर्वीपेक्षां उणावली. ह्याचा अर्थ व्यापारांत पैसा नको, असा नव्हे. घराचे हप्ते आवडीनें फिटत नाहींत. परंतु पैसा हें एकच माप हातीं राहिलें, म्हणजे मंदीच्या दिवसांत धरून ठेवावयास दुसरें कांहींच उरत नाहीं. महिन्यांतून एखादी दुपार कोणाच्या मागणीसाठीं नव्हे, तर आजीच्या हातची एखादी विसरलेली चटणी जमते का, हें पाहण्यासाठीं ठेवावी. जेथून धंदा सुरू झाला त्या ठिकाणीं अधूनमधून जाऊन यावें.

शेवटची गोष्ट तिच्या हातची नाहीं. ती घरच्यांच्या हातची आहे. "तूं घरींच तर असतेस," हें वाक्य अनेक घरांत सहज उच्चारलें जातें. त्यानें कामाचे तास वहींतून पुसले जातात. सायंकाळीं सहाला तिनें दुकान मिटावें आणि तत्क्षणीं ओट्यावर दुसरें दुकान उघडावें लागावें, तर फळ्या लावून काय उपयोग? तेव्हां पानें घेणें, भांडीं घांसणें, मुलांचा अभ्यास पाहणें ह्यांतलें कांहीं दुसऱ्यांनीं उचलावें. आणि एवढें करूनही झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, उदासपणा आठवड्यामागून आठवडे हटत नसेल, तर तो हट्टानें सोसूं नये, डॉक्टरांकडे जावें; कारण थकव्याच्या आड दुसरा आजारही दडलेला असूं शकतो.

रात्रीं कुलूप दोनदां ओढून पाहणाऱ्या त्या जुन्या दुकानदाराला धंद्याची काळजी कमी होती असें नाहीं. उद्यां सकाळीं दुकान उघडावयाचें आहे, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. म्हणूनच तो तें रात्रीं मिटीत असे. ज्यांच्या दुकानाला फळ्या नाहींत, त्यांनीं फोन बंद करून कपाटांत ठेवावा आणि कपाटाचें दार नीट लागलें आहे ना, हें एकदां ओढून पाहावें.