युद्धाचा न्याय आणि डोंगरातील ‘वर्कशॉप’



युद्धकाळात कैद्याकडून माहिती काढण्यासाठी त्याला यातना देणे कधी नैतिक ठरू शकते काय, हा प्रश्न म्हैसूरच्या भूमीवर केवळ तात्त्विक नाही. १९९७ पर्यंत म्हैसूर जिल्ह्यातच असलेल्या मलै महादेश्वर डोंगरात वीरप्पनविरुद्धच्या पोलिसी मोहिमेला युद्धाचेच स्वरूप देण्यात आले. तेथील चौकशीच्या जागेचे नाव ‘वर्कशॉप’. कष्टकऱ्याच्या कामाच्या जागेचे नाव कोणत्या कामासाठी वापरले गेले, पाहा! तेथे सोसलेल्या विजेच्या धक्क्यांची हकीकत आदिवासींनी व गरीब गावकऱ्यांनी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नेमलेल्या न्या. सदाशिव समितीपुढे सांगितली.

९ एप्रिल १९९३ रोजी पालारच्या सुरुंगस्फोटात २२ माणसे मारली गेली. त्यांच्याही घरच्या चुली विझल्या. त्याचा जाब मागणे न्याय्यच होते. परंतु मारहाणीखाली माणूस सत्य सांगत नाही, मार थांबेल ते सांगतो. म्हैसूरच्या ‘टाडा’ न्यायालयाने २००१ साली बहुसंख्य आरोपींना निर्दोष सोडले, तोवर कित्येकांची आठ-आठ वर्षे तुरुंगात सरली होती. वीरप्पन मात्र मोकळाच होता. २००४ साली तो मारला गेला तो पोलिसांनी रचलेल्या सापळ्यात, बनावट रुग्णवाहिकेत बसल्यावर.

कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी व कबुलीसाठी होणाऱ्या छळाची नोंद १८५५ च्या चौकशी आयोगाने केली. मार्क्सने १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात त्यावर लिहिले. पोलिसापुढील कबुली पुरावा नव्हे, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात साम्राज्यवाद्यांनाही लिहावे लागले. स्वतंत्र भारताच्या ‘टाडा’ने कलम १५ अन्वये वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवून तेवढेही कवच काढून घेतले.

१९४९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख व क्रमांक एवढेच सांगावयाचे असते. अधिक माहितीसाठी त्याच्यावर कोणतीही जबरदस्ती करता येत नाही. हा करार भारताला मान्य आहे. म्हणजे परकीय सैनिकाला जे संरक्षण, ते या डोंगरातील आदिवासी स्त्रीला मिळाले नाही! राज्यसत्तेला ‘युद्ध’ हा शब्द हवा असतो तो अधिकारांपुरता. त्यातील बंधने तिला नको असतात.

२००७ साली आयोगाने ८९ पीडितांना २ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. यातनाविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही १९९७ ची आहे. त्याला मान्यता देण्यासाठी लागणारे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले, पण त्याचा कायदा झाला नाही. आणि करारालाही मान्यता अद्याप मिळालेली नाही.