डांबरापासून कर्बाचा फेस

डांबर म्हटलें कीं डोळ्यांपुढें उभी राहते ती उन्हांत मऊ झालेली सडक, नाकास झोंबणारा वास आणि वस्त्रावर एकदां पडला तर सहसा न जाणारा डाग. कपड्यांच्या पेटींत ठेवावयाच्या गोळ्या सोडल्या, तर गृहस्थाचा या द्रव्याशीं संबंध दुरूनच येतो. परंतु याच काळ्या द्रव्याच्या गाळापासून एक असा हलका व सच्छिद्र पदार्थ तयार करितां येतो कीं, वजनास वजन घेतलें तर तो तांब्याच्या पांच-सहा पट उष्णता वाहून नेतो. त्याला कर्बफेन, म्हणजे कर्बाचा फेस, म्हणावें.

दगडी कोळसा हवा न लागतां भट्टींत तापविला म्हणजे मागें कोक राहतो आणि वाफाऱ्यांतून डांबर मिळतें. जमशेदपूर किंवा भिलई येथील पोलादाच्या कारखान्यांतही कोकच्या भट्ट्यांतून तें निघतें. हें डांबर ऊर्ध्वपातनास लावलें कीं हलकीं तेलें आधीं उडून जातात, मग नॅफ्थलीन वेगळें होतें आणि तळाशीं काळा गाळ उरतो. तो थंडपणीं काचेसारखा फुटतो व ऊन लागतांच मऊ पडतो. यालाच पिच म्हणतात. खनिज तेल शुद्ध करितांना जो जड अंश शिल्लक राहतो, त्यापासूनही पिच करितात.

पिच हें एकच द्रव्य नव्हे. तो शेंकडों संयुगांचा मेळ आहे. त्यांतील बहुतेक रेणू चपटे, ताटलीसारखे असतात. पिच सुमारें चारशें अंशांपर्यंत तापलें कीं हे रेणू एकमेकांस जोडले जाऊन मोठे होतात आणि त्या द्रवांतच, पंगतीपूर्वीं रचून ठेवलेल्या पत्रावळींप्रमाणें, एकावर एक बसूं लागतात. १९६५ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रूक्स व टेलर या दोघां संशोधकांनीं ही घडामोड सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. आरंभीं बारीक गोलक दिसतात. ते वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि अखेर सर्व द्रव सुव्यवस्थित होतो. द्रव आणि स्फटिक यांच्यामधील या स्थितीस मध्यावस्था हें नांव शोभेल.

या व्यवस्थेचें महत्त्व फार मोठें आहे. १९५१ सालीं रोझलिंड फ्रँकलिन या इंग्रज विदुषीनें दाखवून दिलें कीं, कर्बाचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग प्रखर उष्णतेनें ग्रॅफाइट बनतो. दुसरा तीन हजार अंशांपर्यंत तापविला तरी बनत नाहीं. ज्याचे थर द्रव असतांनाच जुळले, तो पहिल्या वर्गांतला. जो अव्यवस्थित स्थितींतच घट्ट झाला, त्याची घडी पुढें कितीही अग्नि दिला तरी बसत नाहीं. कर्बफेनाचें सारें रहस्य या एका गोष्टींत सांठविलेलें आहे.

कर्बाचा पहिला फेस १९६४ च्या सुमारास वॉल्टर फोर्ड यांनीं केला. त्यांनीं कृत्रिम राळेचा स्पंज हवेवांचून जाळून त्याचा सांगाडा कर्बरूप केला. तो हलका होता, टिकाऊही होता; पण त्याची घडण काचेसारखी असल्यामुळें उष्णता त्यांतून मोठ्या कष्टानें वाहे. पुढें १९९७ सालीं अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांतल्या ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत जेम्स क्लेट यांनीं मध्यावस्थेंतील पिच घेऊन निराळा मार्ग धरला.

ही कृति ऐकावयास सोपी आहे. पिचचे खडे सांच्यांत भरून तो सांचा एका भक्कम बंद भांड्यांत ठेवावयाचा. आंतील हवा काढून नत्रवायु भरावयाचा. पिच वितळलें कीं नत्रवायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या साठ-सत्तर पटींपर्यंत वाढवून उष्णता हळूहळू चढवीत न्यावयाची. पिचच्याच पोटांतून वायु सुटतात आणि त्यांचे बुडबुडे त्याला फुगवितात. बाहेरून कांहीं घालावें लागत नाहीं.

परंतु अनरसा तळणाऱ्या गृहिणीस येथील मर्म न सांगतां कळेल. पीठ सैल असेल वा तुपाचा ताव चुकला असेल, तर अनरसा हंसतो आणि कढईभर पसरतो. पीठ घट्ट असेल, तर जाळी पडत नाहीं. पिचचेंही तसेंच आहे. तें फार पातळ असतां वायु सुटला तर बुडबुडे फुटून जातात. फार दाट झालें तर ते वाढतच नाहींत. योग्य क्षणीं मात्र फुगणाऱ्या बुडबुड्यांमधील भिंती ताणल्या जातात आणि त्या ताणानें ताटल्यांसारखे रेणू भिंतींच्या दिशेनें सरळ ओळींत लागतात. मग उष्णता वाढवून ती घडी पक्की करावयाची, हजार अंशांपर्यंत नेऊन कर्ब करावयाचा आणि शेवटीं २८०० अंशांवर ग्रॅफाइट बनवावयाचें.

अशा फेसाच्या एका घन सेंटिमीटरचें वजन सुमारें अर्धा ग्रॅम, तर तेवढ्याच तांब्याचें जवळजवळ नऊ ग्रॅम. आकारास आकार धरला, तर तांबें उष्णता वाहण्यांत पुढेंच आहे. वजनाचा हिशेब घातला म्हणजे पारडें फिरतें. म्हणूनच विमानें व विजेचीं नाजूक उपकरणें यांसाठीं हा पदार्थ मोलाचा ठरतो. उलट, कोळशापासून वा साध्या पिचपासून केलेला आणि ग्रॅफाइट न बनविलेला फेस उष्णता अडवितो. तोही व्यर्थ नाहीं. तापल्यानें तो फारसा प्रसरण पावत नाहीं, म्हणून विमानाचे भाग घडविण्याच्या सांच्यांस तो उपयोगी पडतो.

तथापि या फेसाचे दोषही सांगितले पाहिजेत. तो ठिसूळ आहे, उघड्या हवेंत फार तापला तर जळतो, आणि २८०० अंशांची भट्टी पेटती ठेवणें हें स्वस्त काम नव्हे. याहून गंभीर गोष्ट पिचच्या वाफेची. १९१५ सालीं जपानांत यामागिवा व इचिकावा यांनीं सशांच्या कानांस कित्येक महिने कोळशाचें डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. १९३३ सालीं लंडनमध्यें त्याच्या पिचमधून बेंझोपायरीन हें विषारी द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. आज कोळशाच्या पिचची गणना मनुष्यास निश्चित कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत होते. फेसाचा तयार ठोकळा स्वच्छ दिसतो. पण तो ज्या भांड्यांत फुगला, त्याच्यापाशीं उभ्या असलेल्या कामगाराच्या श्वासाची काळजी घेतली गेली नसेल, तर त्या हलक्या वस्तूचें खरें मोल फार जड ठरेल.

पेटींतल्या गोळीचें द्रव्य नॅफ्थलीन. जपानांत त्यापासूनच मध्यावस्थेंतील उत्तम पिच बनविण्यांत आलें आणि असा फेस करण्यासाठीं तें वापरलेंही गेलें. ज्या वस्तूस हलकी मानून कोपऱ्यांत ठेवलें, तिच्या अंगीं एवढा गुण होता. तो प्रकट होण्यास मात्र तिचे रेणू मऊ असतांनाच ओळींत बसावे लागले. नंतरच्या अग्नीनें ती ओळ केवळ कायम केली.