स्मार्ट शहरात विचारायचं कुणाला?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, ‘आपलं स्मार्ट शहर’. मी म्हणालो, अहो, आपण छावणीतले. खाम ओलांडून इकडं आलं की महापालिका संपते आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड सुरू होतं. ते संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, अध्यक्ष लष्करी अधिकारी. स्मार्ट सिटीत आपल्याला विचारतो कोण? मग वाटलं, बोलायचं ते नेमकं यावरच.

सप्टेंबर 2016 मध्ये तेव्हाचं औरंगाबाद केंद्राच्या स्मार्ट सिटी यादीत आलं. त्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली. 2019 मध्ये ‘माझी स्मार्ट बस’ धावू लागली, चौकाचौकांत कॅमेरे लागले, त्यांच्यावर नजर ठेवायला नियंत्रण कक्ष आला. बसचं तर मी मनापासून कौतुक करतो. रिक्षावाल्याशी रोजची घासाघीस वाचली!

पण यादीत नाव आल्यावर दीड वर्षाच्या आत काय झालं, ते आठवा. फेब्रुवारी 2018. नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं अख्ख्या शहराचा कचरा त्यांच्या दारात पडत होता. मग शहरभर ढीग साचले. कचरा टाकायला नवी जागा शोधत गाड्या मार्चमध्ये मिटमिट्याला गेल्या, पडेगावच्या पुढं, म्हणजे आपल्या शेजारीच. तिथं दगडफेक झाली, लाठीमार झाला, वाहनं जळाली. नारेगावकर किती दिवस ओरडत होते, हे कळायला सेन्सर लागत नव्हता. मिटमिट्याला आधी जाऊन बसायला, बोलायला तर ॲपही लागत नव्हतं.

एप्रिल 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षांहून जास्त काळ महापालिका प्रशासकांनी चालवली. या काळात काही कामं उलट भराभर झाली, हे मान्य करायला हवं. पण नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता येतं, कंपनीच्या संचालक मंडळाचं दार कुठं असतं ते मला अजून सापडलेलं नाही. आपल्याकडंही तेच. कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या निवडणुका 2023 मध्ये जाहीर झाल्या आणि रद्दही झाल्या.

खाम नदीचं काम मात्र वेगळं वाटतं. तिथं महापालिका, कॅन्टोन्मेंट बोर्ड, स्मार्ट सिटी आणि स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. नदीला हद्द कळत नाही, घाण तर दोन्ही बाजूंनी यायची. एकट्यानं साफ करून उपयोगच नव्हता.

आता आपल्या घरचं. गेटवर कॅमेरे बसवले तेव्हा वार्षिक सभेत दोन तास खडाजंगी झाली होती. चित्रण बघणार कोण? किती दिवस ठेवायचं? कुणाकडं कोण आलं-गेलं, याची चर्चा जिन्यात होणार का? शेवटी ठराव झाला: तीस दिवस ठेवायचं, लेखी अर्जाशिवाय दाखवायचं नाही, आणि दाखवताना दोन पदाधिकारी हजर हवेत. तेव्हा काहींना हा काथ्याकूट वाटला. पण तो ठराव इतिवृत्ताच्या वहीत आहे, कुणीही वाचावा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलंय. शहरातल्या कॅमेऱ्यांबाबत असंच एक पान सामान्य माणसाला सहज वाचता यायला हवं.

दुसरं, खर्चाचं. लिफ्ट बसते तेव्हा पेढे वाटतात. दोरखंड बदलायची वेळ आली की वर्गणीवरून तोंडं फिरतात, तुम्हाला सांगायला नको! स्मार्ट सिटी अभियान मार्च 2025 मध्ये संपलं. बस आणि कॅमेऱ्यांची देखभाल पुढं कुठल्या पैशातून होणार, हे आपण आत्ताच विचारलं पाहिजे.

म्हणून दोन अर्ज लिहून आणलेत, एक महापालिकेला, एक कॅन्टोन्मेंट बोर्डाला. पहिल्यात कॅमेऱ्यांचे नियम आणि देखभालीचा खर्च, दुसऱ्यात आपल्या हद्दीत पुढं काय ठरतंय आणि ते ठरवण्याआधी रहिवाशांना कधी बोलावणार. जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवलेत. आधी सही, मग श्रीखंड.