कणगीतील धान्य आणि अंगणातील ऊन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



विजेसंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तिच्यामागे एक निमित्त आहे. वसतिगृहाच्या प्रवेशद्वारासाठी आपण निधी जमविला आहे. तो द्वारावर खर्चावा की गच्चीवर, हा प्रश्न आज आपणांसमोर आहे.

घरात धान्य दोन वाटांनी येते. एक पूर्वजांनी भरून ठेवलेल्या कणगीतून, दुसरे दरसालच्या पिकातून. दगडी कोळसा म्हणजे कणगी होय. कोट्यवधी वर्षांपूर्वीची अरण्ये भूगर्भात गाडली गेली, त्यांचा तो साठा. उपसाल तेवढा कमी होणार, आणि पुन्हा भरणे मनुष्याच्या हाती नाही. ऊन, वारा व वाहते पाणी ही दरसालची पिके होत.

आपल्या नाशिकने ही दोन्ही धान्ये पाहिली आहेत. गोदाकाठी एकलहरे येथे सन १९७०-७१ च्या सुमारास १४० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच त्यांस येऊन मिळाले. पहिले दोन संच २०११ मध्ये निवृत्त झाले. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने तासभर चालविला, तर दोन लाख दहा हजार युनिट वीज मिळते. त्यासाठी सव्वाशे ते दीडशे टन कोळसा जाळावा लागतो. हा कोळसा नाशिकच्या भूमीत नाही. तो दूरच्या खाणींतून आगगाडीने आणावा लागतो. त्याची राख मात्र येथेच राहते.

तथापि कोळशास नावे ठेवणे आम्हांस कृतघ्नपणाचे वाटते. आपल्या कित्येक घरांची चूल एकलहऱ्याच्या पगारावर पेटली, मुले शिकली, मुलींची लग्ने झाली. उद्या उरलेले संच थकतील तेव्हा त्या घरांचे काय, हा विचार केल्यावाचून नव्या विजेचा जयघोष करणे शोभणार नाही.

पाण्याचीही वीज आपल्या जिल्ह्यास परकी नाही. त्र्यंबकच्या ज्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेस वळते, तेथूनच वैतरणा पश्चिमेस उतरते. तिच्या पाण्यावर ६० मेगावॅटचे वीजगृह चालते. पण मेघराजाने पाठ फिरविली की पाणचक्कीही थबकते.

उन्हाचे तसेच आहे. एक किलोवॅटच्या सौरपट्ट्या वर्षाच्या सरासरीने दिवसास सुमारे चार युनिट देतात. श्रावणात कमी, चैत्रात अधिक, आणि रात्री काहीच नाही. म्हणूनच साठवणीची विद्या हवी. अहिल्यानगर व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. विजेस मागणी कमी असता खालच्या जलाशयातील पाणी वर चढवावयाचे, आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज घ्यावयाची. चढविण्यास लागते त्याहून थोडी कमी वीज परत मिळते. पण वेळेवर मिळते, आणि वेळेवर मिळालेल्या घासाचे मोल निराळेच असते. रात्री-अपरात्री, बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून द्राक्षबागेस पाणी देणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवांस हे सांगावयास नको. त्यांस दिवसा वीज मिळावी, यासाठी उन्हासारखा दुसरा सोबती नाही.

आता मूळ मुद्दा. वसतिगृहाच्या गच्चीवर हजारएक चौरस फूट जागेत दहा किलोवॅटच्या पट्ट्या बसू शकतील. त्या सरासरीने दिवसास चाळीस युनिट देतील, आणि नीट निगा राखल्यास पंचवीस वर्षे टिकतील. वीजबिलात जी बचत होईल ती गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीकडे वळवावी, अशी आमची सूचना आहे. मात्र निधी द्वारासाठी म्हणून दिलेला आहे. देणगीदारांच्या संमतीवाचून त्यातील एक पैही हलवू नये.

द्वारावर दात्यांची नावे कोरली गेली असती, हे खरे. गच्चीवरील पट्ट्या रस्त्यावरून दिसणार नाहीत. परंतु त्या उजेडात अभ्यास करणारी मुले आपणांस दिसतील. निर्णय सभेने करावा.