ग्रंथांच्या चार वाटा

(आपल्या शिंपी ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात बारामती येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, हा आमचा बहुमान आहे. विवाह, शिष्यवृत्त्या, वसतिगृह या विषयांवर आपल्या मेळाव्यांतून दरवर्षी विचार होतो आणि तो व्हावयासच हवा. आज आम्ही मात्र आपल्या घरांतील पुस्तकांविषयी बोलणार आहोत. विषय लहान वाटेल. पण आपल्या मुलामुलींचे मन कोणत्या मापाचे होणार, हा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

आरंभ श्रीनामदेव महाराजांपासूनच करू. इ. स. १६०४ मध्ये गुरु अर्जुनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला. आज गुरु ग्रंथसाहिब म्हणून पूजिल्या जाणाऱ्या या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. ही गोष्ट आपण प्रत्येक पुण्यतिथीस अभिमानाने सांगतो. परंतु त्या ग्रंथात नामदेवांच्या शेजारी कोण बसले आहे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तेथे विणकर कबीर आहेत, चर्मकार रविदास आहेत आणि मुसलमान संत शेख फरीदही आहेत. आपल्या संताची वाणी परप्रांतातील लोकांनी जपली, ती एकटी न ठेवता इतरांच्या पंक्तीस बसवून जपली. नामदेवांचे वंशज म्हणविणाऱ्या आपल्या घरांतील कपाट मात्र असे आहे काय?

आपल्या बहुतेक घरांत गाथा असते, एखादी पोथी असते, पंचांग असते, मुलांची क्रमिक पुस्तके व स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके असतात आणि संस्थेची ही स्मरणिका असते. यांतील एकही वस्तू टाकाऊ नाही. तथापि यांतील प्रत्येक पुस्तक आपण अगोदरच ठरविलेल्या कामासाठी घरात आले आहे. ज्याची आपणांस गरज आहे हे आपणांस ठाऊकच नव्हते, असे पुस्तक त्यांत नाही. माणसाला वाढविते ते असलेच पुस्तक. अशा पुस्तकांच्या चार वाटा आम्ही आज दाखवू इच्छितो: कथा-कादंबरीची, इतिहासाची, विज्ञानाची आणि आत्मकथनाची.

पहिली वाट कादंबरीची. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक गंगाराम हा खेड्यातील शिंपी आहे. गावात दुसरा शिंपी येतो आणि एका मानी कारागिराच्या संसाराची वाताहत सुरू होते. ही कथा गंगारामाची बायको पार्वती मराठवाड्याच्या बोलीत, स्वतःच्या तोंडाने सांगते. तयार कपड्यांनी आपल्या दुकानांतील गिऱ्हाईक कसे ओढून नेले, हे या सभागृहातील अनेकांनी पाहिले आहे. त्याचा हिशोब आपण रुपयांत मांडतो. पण गिऱ्हाईक तुटले म्हणजे घरातील बोलणे कसे तुटते, बापाचा राग मुलावर कसा निघतो, बाईच्या वाट्याला काय येते, हे हिशोबाच्या वहीत उतरत नाही. ते उतरविण्यासाठी कादंबरी लागते. ‘कादंबऱ्या म्हणजे रिकामपणाचा उद्योग’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही एक वाचावी, मग आपले मत द्यावे.

दुसरी वाट इतिहासाची. इतिहास म्हटला की आपणांस गडकोट आठवतात. पण या बारामती-इंदापूरच्या मातीत घडलेला इतिहास कागदाचा आहे, आणि तो जाणून घेण्याजोगा आहे. कऱ्हेकाठच्या या गावी बाबूजी नाईक बारामतीकरांचे घराणे होते. पेशव्यांना कर्ज देणारे, त्यांचे सोयरे, आणि १७४० साली थोरल्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर पेशवेपदावर हक्क सांगण्यापर्यंत ज्यांची मजल गेली, ते हेच नाईक. त्यांच्याच आश्रयाने मोरोपंत येथे राहिले, येथेच त्यांनी आर्यांचे भांडार निर्माण केले आणि १७९४ साली येथेच देह ठेवला. सावकारीची पेढी आणि कवीची लेखणी एकाच वाड्याच्या सावलीत नांदली.

आता येथून जवळच्या सुप्याकडे पाहा. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी व प्रतवारी करून ३० वर्षांच्या मुदतीचा सारा ठरविला. मुंबई इलाख्यातील पुढच्या मोजण्यांना हाच नमुना झाला. मुदत संपल्यावर साऱ्याचा आकडा चढला. त्याच सुमारास दूर अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले, आणि सावकारांनी हात आखडते घेतले. अखेर १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. लोकांनी मागितले ते रोखे आणि खतावण्या. आणि हाती आलेल्या त्या कागदांची त्यांनी होळी केली. दख्खनचे दंगे म्हणून जगभरच्या इतिहासकारांनी अभ्यासलेली ही घटना आपल्या बारामती तालुक्यातील आहे. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला आणि कर्जाचे दस्त सरकारी नोंदणी करणाऱ्यापुढे व्हावेत, अशी तजवीज त्यात करण्यात आली.

बंधूंनो, या घटनेचा अर्थ आम्ही असा लावतो की, ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्यावर कागद राज्य करतो, आणि अखेरीस त्याच्या हाती तो कागद जाळण्याखेरीज उपाय उरत नाही. आज आपणां सर्वांना अक्षरे येतात. परंतु कर्जाचा करार, विम्याची अट, मोबाईलवर आलेला मजकूर, हे सारे आपण न वाचताच अंगठा टेकवितो. सुप्याच्या शेतकऱ्याने शाईने अंगठा दिला, आपण काचेवर देतो, इतकाच फरक. इतिहासाचे पुस्तक हा फरक किती थोडा आहे, हे दाखवून देते.

तिसरी वाट विज्ञानाची. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि या दुष्काळी मुलखात पाणी आले. त्याच पाण्याने पुढे कित्येक चांगल्या जमिनी खारावून नापीक झाल्या, हे शेतकरी जाणतात. असे का व्हावे? पाणी जरुरीपेक्षा अधिक दिले आणि निचरा झाला नाही म्हणजे भूगर्भातील पाण्याची पातळी वर येते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते पाणी पृष्ठभागापर्यंत चढते. उन्हाने पाण्याची वाफ होते, पण त्यात विरघळलेले क्षार उडून जात नाहीत. ते मातीवर साचतात. म्हणून उपाय आणखी पाणी देण्यात नसून चर काढून निचरा करण्यात आहे. अनुभवाने आपणांस ‘काय’ ते कळले होते. विज्ञानाने ‘का’ ते सांगितले, आणि ‘का’ कळल्यावाचून उपाय सापडत नाही.

उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी पाहण्यास परगावची माणसे पहाटे येऊन उभी राहतात. तो पक्षी चोच पाण्यात उलटी धरून सूक्ष्म जीव गाळून खातो, आणि त्याच्या पिसांचा गुलाबी रंग त्या खाद्यातूनच येतो, हे इंदापूर तालुक्यातील आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? सोलापूरच्या मारुती चितमपल्ली यांनी जन्मभर रानांत हिंडून पाखरांविषयी व झाडांविषयी मराठीत लिहिले. त्यांची पुस्तके आपल्या मुलांच्या हाती द्यावीत. डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण तर आजच्या विषयास फारच उपकारक आहे. त्यांनी ‘आकाशाशी जडले नाते’ या ग्रंथात खगोलशास्त्र समजावून दिले, ‘यक्षांची देणगी’ मध्ये विज्ञानकथा लिहिल्या आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्रही लिहिले. लिहिणाऱ्या शास्त्रज्ञास या वाटा परक्या वाटल्या नाहीत. मग वाचणाऱ्यांनी त्यांच्यामध्ये कुंपण का घालावे?

चौथी वाट आत्मकथनाची, आणि येथे आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघाले. पती न्यायमूर्ती, राहणे पुण्यात. तरीही त्यांच्या शिकण्यास घरातील बायकांचाच विरोध झाला, आणि तो सोसून त्या शिकल्या. त्यानंतर तीन पिढ्यांनी, १९८६ साली, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील वीरगाव शेजारच्या पुरंदर तालुक्यातले, आणि बेबीताईंचा संसार नीरेपलीकडच्या फलटणचा. म्हणजे त्या आपल्या शेजारच्याच. त्या महार समाजात जन्मल्या, लहानसे दुकान चालवीत असत. पुड्या बांधण्यासाठी आणलेली वर्तमानपत्रांची रद्दी त्या दुकानात बसल्या बसल्या वाचीत. पुढे स्वतः लिहू लागल्या, आणि ते लिखाण वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवीत. आज ते पुस्तक इंग्रजीतून जगभर वाचले जाते.

दुकान चालविणाऱ्या आपल्या भगिनींना आमचे सांगणे आहे की, हे पुस्तक आपण अवश्य वाचा. गिऱ्हाइकांच्या दोन खेपांमधील वेळ आणि पुडीचा कागद, एवढ्या भांडवलावर एक लेखिका घडली. ‘आम्हांस वेळ नाही’ हे उत्तर त्यापुढे फिके पडते.

परंतु ते पुस्तक वाचताना आपणांस सुख होणार नाही, हेही सांगितले पाहिजे. महार स्त्रीला दुकानापासून दूर उभे राहून सौदा मागावा लागे, हे त्यात लिहिले आहे. ती दुकाने कोणाची होती? गावगाड्यात आपणही होतो, आणि त्या काळी जे उंबरठे माणसांना अडवीत होते त्यांत आपलेही उंबरठे होते. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीची थोरवीच छापावी, असा संकेत आहे. आम्ही तो मोडू इच्छित नाही. पण थोरवी वाचून जसे मन भरते, तसे दुसऱ्याचे आत्मकथन वाचून ते निवळते, आणि आपल्या समाजास आज या दोहोंची गरज आहे.

काही मंडळी विचारतील, चार वाटा कशासाठी, एकच धरली तर काय बिघडले? तर नुसती कादंबरी वाचणारा हळवा होतो, पण ते दुःख कोठून आले हे त्यास कळत नाही. नुसता इतिहास वाचणारा पूर्वजांच्या अभिमानात अडकतो. नुसते विज्ञान वाचणाऱ्यास यंत्र कळते, पण यंत्रापुढे बसलेला माणूस कळेलच असे नाही. नुसती आत्मकथने वाचणारा एका आयुष्यालाच सारे जग समजून बसतो. प्रत्येक वाटेवरचे पुस्तक दुसरीवरच्या पुस्तकाची चूक काढते, आणि वाचकाचे मन त्यामुळे सरळ राहते. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर, छातीचे एकच माप घेऊन कोट बेतता येत नाही. खांदा, बाही, लांबी, सारी मापे घ्यावी लागतात.

आता नुसत्या उपदेशावर न थांबता आम्ही संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली अशी की, बारामती व इंदापूर या दोन्ही ठिकाणी संस्थेने एकेक कपाट करावे. त्याला चार कप्पे असावेत आणि नियम एकच असावा: एका कप्प्यातील पुस्तक परत करणाऱ्याने पुढचे पुस्तक दुसऱ्या कप्प्यातून न्यावे. आवडीचे पुस्तक माणूस आपण होऊन शोधतोच. न शोधलेले त्याच्या हाती पडावे, यासाठी हा नियम. दुसरी अशी की, गुणवंत विद्यार्थ्यांस आपण ढाल व पुष्पगुच्छ देतो, त्याऐवजी अभ्यासक्रमाबाहेरचे एक पुस्तक द्यावे. तिसरी अशी की, महिला मंडळाने महिन्यातून एकदा एकत्र जमून मोठ्याने वाचन करावे. पोथी ऐकण्याची सवय आपल्या घरांत आहेच, तिचाच हा विस्तार होईल.

खर्चाची भीती बाळगू नये. शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके आणि मराठी विश्वकोश आता संगणकावर व मोबाईलवर विनामूल्य वाचता येतात. सातारा जिल्ह्यातील भिलार हे स्ट्रॉबेरी पिकविणारे गाव २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले. तेथील लोकांनी आपल्या घरांतील खोल्या वाचकांसाठी उघडल्या. एक गाव खोल्या देऊ शकते, तर एक ज्ञाती दोन कपाटे देऊ शकणार नाही काय?

दर आषाढीस तुकोबारायांची पालखी बारामतीवरून, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असा मुक्काम करीत जाते, आणि आपण वारकऱ्यांची सेवा करतो. कोण कोठला, कोणत्या जातीचा, हे तेव्हा आपण विचारीत नाही. पाणी देतो, पंक्तीस बसवितो. पुस्तकांच्या बाबतीतही असेच वागावे, इतकीच आमची विनंती आहे. परक्या घरचे, परक्या विषयाचे, क्वचित आपणांस दोन शब्द सुनावणारे पुस्तक दाराशी आले, तर त्याला उंबरठ्याबाहेर उभे करू नये. आत घ्यावे व शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. ज्या ग्रंथाने आपल्या नामदेवांना कबीर-रविदासांच्या शेजारी मान दिला, त्या ग्रंथाचे ऋण आपण याहून चांगल्या रीतीने फेडू शकणार नाही.